थेस्सलोनिकी : एका वास्तूचे अनेक धनी

ग्रीस देशाच्या प्रवासाला निघालेला मनुष्य बहुधा अथेन्स पाहतो, अक्रोपोलिसच्या टेकडीवर चढतो, एखाददुसऱ्या बेटाला भेट देतो आणि परततो. अथेन्सच्या उत्तरेस सुमारे ५०० किलोमीटरवर, थर्माइक आखाताच्या टोकाशी वसलेल्या थेस्सलोनिकी शहराकडे त्या मानाने थोडेच प्रवासी वळतात. लोकसंख्येने हे ग्रीसमधील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. जुन्या पुस्तकांत आणि पहिल्या महायुद्धाच्या बातम्यांत ते ‘सालोनिका’ या नावाने येते. मराठी वाचकाला मात्र त्याची आणखी एका वाटेने ओळख आहे. मराठी बायबलमध्ये पौलाची दोन पत्रे ‘थेस्सलनीकाकरांस’ लिहिलेली म्हणून दिली आहेत. गावाच्या नावापुढे ‘कर’ हा प्रत्यय लावून माणसाची ओळख सांगण्याची मराठीची रीत येथे थेट ग्रीसच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली आहे.

गावापासून दूर गेल्यावरही गावाचे नाव माणसाला चिकटून राहते, हे बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांना वेगळे सांगावयास नको. थेस्सलोनिकीचा इतिहास अशाच माणसांचा आहे. येथे एकामागून एक लोक आले, त्यांनी आधीच्यांच्या वास्तू ताब्यात घेतल्या, त्यांना आपली नावे दिली, आणि पुढे त्यांतील बहुतेकांना हे शहर सोडावे लागले. म्हणून येथील प्रेक्षणीय स्थळे पाहताना ‘ही इमारत कोणी बांधली’ एवढेच विचारून भागत नाही. ‘नंतर ती कोणाकोणाच्या हाती गेली’ हेही विचारावे लागते.

या शहराच्या जन्माची कथा समजून घ्यावयाची तर प्रथम शहराबाहेर पडले पाहिजे. पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर पेल्ला येथे मॅसिडोनियाच्या राजांची राजधानी होती. इ. स. पूर्व ३५६ मध्ये सिकंदराचा जन्म येथेच झाला. येथील धनिकांच्या घरांतील जमिनींवर नदीतले रंगीत गोटे बसवून काढलेली सिंहाच्या शिकारीची व इतर चित्रे आता तेथील संग्रहालयात आहेत. एके काळी पेल्लापर्यंत जलमार्ग होता. परंतु नद्यांच्या गाळाने समुद्र मागे हटत गेला, आणि आज हे ठिकाण किनाऱ्यापासून बरेच आत शेतांच्या मध्ये दिसते.

पेल्लाच्याही आधीची राजधानी एगे. तिचे अवशेष थेस्सलोनिकीपासून सुमारे ७५ किलोमीटरवर व्हेर्गिना या खेड्याजवळ आहेत. १९७७ साली पुरातत्त्वज्ञ मानोलिस आन्द्रोनिकोस यांना तेथील मोठ्या मातीच्या टेकाडाखाली एक राजसमाधी मिळाली. चोरांचा हात तिला लागलेला नव्हता. आत संगमरवरी पेटीमध्ये सोन्याची पेटी होती, तिच्या झाकणावर सोळा किरणांचा तारा कोरलेला होता आणि तिच्यात दहन केलेल्या अस्थी होत्या. आन्द्रोनिकोस यांच्या मते ती सिकंदराचा पिता दुसरा फिलिप याची समाधी. ती सिकंदराच्या सावत्र भावाची असावी, असे मानणारे विद्वानही आहेत. फिलिपचा खून इ. स. पूर्व ३३६ मध्ये एगे येथील नाट्यगृहात झाला, हे मात्र इतिहासाला ठाऊक आहे. समाध्या जागेवरच ठेवून, त्यांच्यावर पुन्हा टेकाडाचा आकार उभारून संग्रहालय त्याच्या पोटात केले आहे. प्रवासी उतरत उतरत अंधारात जातो आणि समाधीच्या दारापाशी येऊन थांबतो. शेजारच्या राजवाड्याचे अवशेष दीर्घ डागडुजीनंतर २०२४ च्या जानेवारीत लोकांसाठी खुले झाले.

सिकंदराच्या मृत्यूनंतर त्याच्या सरदारांमध्ये राज्यासाठी झगडे सुरू झाले. त्यांत मॅसिडोनिया कॅसँडरच्या हाती आला. आपला हक्क पक्का करण्यासाठी त्याने फिलिपची मुलगी, म्हणजे सिकंदराची सावत्र बहीण, थेस्सलोनिकी हिच्याशी विवाह केला. इ. स. पूर्व ३१५ च्या सुमारास आखाताच्या काठची बरीच लहान गावे एकत्र करून त्याने नवे बंदर वसविले आणि त्याला राणीचे नाव दिले. थेस्सली प्रांतावरील विजय, असा त्या नावाचा अर्थ होतो. म्हणजे शहराच्या जन्माच्या वेळीच आसपासच्या गावांतील माणसांना आपली घरे सोडून येथे यावे लागले होते. पुढच्या इतिहासाची ही जणू पहिलीच खूण.

इ. स. पूर्व १६८ मध्ये पिड्ना येथील लढाईत मॅसिडोनियाचे राज्य रोमनांनी मोडले. नंतर थेस्सलोनिकी ही रोमन प्रांताची राजधानी झाली. एड्रियाटिक समुद्रापासून बिझँटियमकडे जाणारा ‘व्हिया एग्नातिया’ हा रोमन महामार्ग या शहरावरून जात असे, आणि आजच्याही मुख्य हमरस्त्याचे नाव एग्नातियाच आहे. समुद्रावरून येणारा माल आणि खुष्कीने येणारी माणसे येथे एकत्र येत. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने इ. स. पूर्व ५८ मध्ये हद्दपारीचे काही महिने येथेच काढले.

याच महामार्गाने इ. स. ५० च्या सुमारास पौल येथे आला. प्रेषितांच्या कृत्यांत दिल्याप्रमाणे तो येथील ज्यूंच्या सभास्थानात तीन शब्बाथांना बोलला. त्याचे ऐकून काहींनी त्याचे मत स्वीकारले आणि काही खवळले. तो ज्याच्या घरी उतरला होता त्या यासोनला जमावाने नगराधिकाऱ्यांपुढे ओढून नेले. कैसराऐवजी दुसरा राजा मानणाऱ्यांना त्याने आश्रय दिला, असा त्याच्यावर आरोप होता. जामीन घेऊन यासोनला सोडले, आणि पौल रातोरात पुढच्या गावी निघून गेला. या वृत्तांतात नगराधिकाऱ्यांना ‘पोलितार्ख’ असा शब्द योजिला आहे. प्राचीन ग्रीक ग्रंथकारांत तो आढळत नाही, म्हणून त्याच्या खरेपणाविषयी पूर्वी शंका घेतल्या जात. परंतु थेस्सलोनिकीच्या पश्चिमेकडील वार्दार वेशीवरच्या शिलालेखात नेमका हाच शब्द सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती वेस पाडली गेली. शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पौलाने येथील मंडळीस लिहिलेले पहिले पत्र हे नव्या करारातील सर्वांत जुने लिखाण असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ख्रिस्ती वाङ्मयाचा उपलब्ध आरंभ असा एका बंदराच्या नावाशी जोडला गेला आहे.

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्याचा कारभार चार राज्यकर्त्यांनी वाटून घेतला होता. त्यांपैकी गॅलेरियस याने थेस्सलोनिकी येथे आपला वाडा बांधला. इराणच्या राजावर मिळविलेल्या विजयाचे स्मारक म्हणून त्याने उभारलेली कमान एग्नातिया रस्त्यावरच आहे. मुळात तिला आठ खांब होते. त्यांपैकी तीन उरले आहेत. त्यांवर लढाया, कैदी, हत्ती, उंट आणि विजयी सम्राट यांची शिल्पे ओळीने कोरलेली आहेत. शहरातील लोक तिला नुसती ‘कामारा’, म्हणजे कमान, म्हणतात. मित्राला भेटावयाचे तर ‘कामाऱ्याखाली ये’ एवढे सांगितले की पुरे होते.

कमानीपासून थोडे वर चढून गेले की रोटोंडा लागतो. ही प्रचंड गोल इमारत इ. स. ३०६ च्या सुमारास गॅलेरियसच्या काळात उभी राहिली. भिंती सहा मीटरांहून अधिक जाड आणि घुमटाचा व्यास सुमारे २४ मीटर. ती देवालय म्हणून बांधली की समाधी म्हणून, याविषयी विद्वानांचे एकमत नाही. गॅलेरियसने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. परंतु त्याच्या मृत्यूनंतर फार काळ लोटण्याच्या आतच या इमारतीचे चर्च झाले, आणि घुमटाच्या आतल्या बाजूस सोनेरी मोझेकची चित्रे बसविण्यात आली. त्यांत भव्य वास्तूंच्या पुढे हात पसरून प्रार्थना करणारे हुतात्मे दिसतात, आणि प्रत्येकाजवळ त्याचे नाव, त्याचा व्यवसाय व त्याच्या सणाचा महिना लिहिलेला आहे. सैनिक आहे, वैद्य आहे, बासरीवादकही आहे. १५९० च्या सुमारास याच चर्चची मशीद झाली आणि शेजारी मिनार उभा राहिला. १९१२ नंतर ती पुन्हा चर्च झाली. आता ती मुख्यतः संरक्षित स्मारक असून काही सणांना तेथे उपासना होते. शहरातील इतर मिनार पाडले गेले. हा एकच उभा राहिला. रोमन भिंत, ख्रिस्ती मोझेक आणि तुर्की मिनार एका नजरेत दिसावेत अशी ही जागा. थेस्सलोनिकीत एकच इमारत पाहण्याइतका वेळ असेल तर प्रवाशाने रोटोंडा पाहावा.

या शहराने ख्रिस्ती साम्राज्याचा वैभवकाळ पाहिला, तसे त्याचे क्रौर्यही पाहिले. इ. स. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियस याने येथूनच फर्मान काढून नायसियाच्या धर्ममताला साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरविले. दहा वर्षांनी, ३९० मध्ये, याच शहरात एका लोकप्रिय रथस्पर्धकाला कैद केल्यावरून दंगा झाला आणि त्यात सेनापती मारला गेला. त्याचा सूड म्हणून थिओडोसियसच्या सैन्याने रथशर्यतींच्या मैदानात जमलेल्या नागरिकांची कत्तल केली. थिओडोरेट हा इतिहासकार मृतांची संख्या ७,००० देतो. मिलानचा बिशप अँब्रोज याने या पापाचे प्रायश्चित्त घेतल्याखेरीज सम्राटाला धर्मसंस्कारास प्रवेश देण्याचे नाकारले, आणि सम्राटाला मान तुकवावी लागली. त्या मैदानाची आज नावापुरती खूण उरली आहे. तेथील चौकाला ‘इप्पोद्रोमिओ’ म्हणतात.

शहराचा रक्षक संत म्हणजे दिमित्रिओस. गॅलेरियसच्या काळात त्याला येथे ठार मारण्यात आले, अशी परंपरा आहे. एका रोमन स्नानगृहाच्या अवशेषांवर पाचव्या शतकात त्याच्या नावाचे पाच दालनांचे मोठे चर्च उभे राहिले. शहरावर संकट आले की संत दिमित्रिओस तटावर उभा राहून लढतो, अशी लोकांची श्रद्धा होती. तरीही ९०४ मध्ये अरब चाच्यांनी आणि ११८५ मध्ये नॉर्मन लोकांनी शहर लुटले. याच शहरात नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडिअस हे बंधू जन्मले. ८६३ मध्ये ते स्लाव्ह लोकांमध्ये धर्मप्रसारासाठी निघाले आणि त्यांच्या भाषेसाठी त्यांनी लिपी रचली. पुढे रशियापर्यंत पसरलेल्या लेखनपरंपरेचे मूळ असे या बंदरात आहे.

१४३० च्या मार्चमध्ये सुलतान दुसरा मुराद याने व्हेनिसच्या ताब्यातून हे शहर जिंकले. पाचव्या शतकातील अखिरोपिइतोस चर्चची त्याने मशीद केली, आणि तेथील एका खांबावर मुरादने शहर जिंकल्याचा लेख कोरण्यात आला. आज ते पुन्हा चर्च आहे, उपासना रोज चालते, पण तो तुर्की लेख कोणी खोडलेला नाही. ज्याला या शहराचा स्वभाव दोन मिनिटांत समजावून घ्यावयाचा असेल त्याने तो खांब शोधून काढावा. संत दिमित्रिओसच्या चर्चचीही पंधराव्या शतकाच्या अखेरीस मशीद झाली.

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यू लोकांना देशाबाहेर काढले. त्यांतील हजारो लोकांना तुर्की साम्राज्याने आश्रय दिला, आणि थेस्सलोनिकी हे त्यांचे मोठे केंद्र झाले. १५१९ च्या मोजणीत शहरातील निम्म्याहून अधिक वस्ती ज्यूंची होती. त्यांनी येथे लोकरी कापडाचे विणकाम आणि छपाई आणली. घरात ते जुनी स्पॅनिश भाषाच बोलत राहिले. आणि त्यांच्या सभास्थानांची नावे कोणती? कॅस्टील, अॅरागॉन, कॅटलोनिया, लिस्बन. ज्या मुलखांनी त्यांना हाकलून दिले त्यांचीच नावे त्यांनी आपल्या प्रार्थनामंदिरांना दिली. आईच्या जागी मानलेली भूमी सावत्रपणे वागली, तरी तिचे नाव टाकवत नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय? बंदरातील ओझी वाहणारे हमालही मोठ्या संख्येने ज्यूच होते. ‘हमाल’ हा शब्द तेथेही चालत असे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथाला, हे बंदर बंद असे.

तुर्की काळातील वास्तू पाहावयाच्या तर बाजाराकडे जावे. मुरादने १४४४ मध्ये बांधलेला बे हमाम १९६८ पर्यंत स्नानगृह म्हणून वापरात होता. पंधराव्या शतकातला सहा घुमटांचा बेझेस्तेन हा कापडाचा बाजार. त्यात आजही कापडाची दुकाने आहेत. १४६० नंतरच्या दशकात बांधलेल्या हमझा बे मशिदीत विसाव्या शतकात चित्रपटगृह आणि दुकाने होती. समुद्रकाठचा पांढरा बुरूज, जो आता शहराचे चिन्हच झाला आहे, तो तुर्की तटबंदीचा कोपरा. येथे तुरुंग होता. १८२६ मध्ये जॅनिसरी सैनिकांना येथे ठार मारल्यावर त्याला ‘रक्ताचा बुरूज’ हे नाव पडले. १८९० च्या सुमारास एका कैद्याने सुटकेच्या बदल्यात तो चुन्याने पांढरा केला, असे सांगतात. रंग कधीच उडून गेला आहे. नाव तेवढे टिकले. बुरुजाच्या माथ्यावरून स्वच्छ दिवशी आखातापलीकडे ऑलिम्पस पर्वत दिसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे शहर कसे होते? १९१३ च्या गणनेप्रमाणे १ लाख ५७ हजारांच्या वस्तीत सुमारे ६१ हजार ज्यू, ४५ हजारांवर मुसलमान आणि ४० हजारांच्या आसपास ग्रीक होते. कोणताच समाज निम्म्याहून अधिक नव्हता. आधुनिक तुर्कस्तानचा निर्माता मुस्तफा केमाल आतातुर्क १८८१ मध्ये येथेच जन्मला. त्याचे घर तुर्की वकिलातीच्या आवारात संग्रहालय म्हणून जपले आहे. बाल्कन युद्धात ग्रीक सैन्य जुन्या पंचांगाप्रमाणे २६ ऑक्टोबर १९१२ रोजी, संत दिमित्रिओसच्याच सणाच्या दिवशी, शहरात आले. त्या दिवसापासून पुढच्या ३१ वर्षांत हे त्रिवेणी शहर पार बदलून गेले.

पहिला घाव आगीचा. १८ ऑगस्ट १९१७ रोजी एका निर्वासिताच्या स्वयंपाकघरातील ठिणगीने आग लागली आणि वाऱ्याने ती ३२ तास धुमसत राहिली. सुमारे ९,५०० घरे जळाली, ७० हजारांवर लोक उघड्यावर आले, त्यांत बहुसंख्य ज्यू होते. संत दिमित्रिओसचे चर्चही जळाले. मात्र आगीनंतर जमिनीखालचे विस्मृत तळघर उजेडात आले, आणि सातव्या शतकातील काही मोझेक बचावले. चर्चची पुनर्बांधणी १९४९ पर्यंत चालली. फ्रेंच नगररचनाकार एर्नेस्ट एब्रार याने नव्या शहराचा आराखडा केला. समुद्राकडे उघडणारा ॲरिस्टॉटल चौक ही त्याचीच कल्पना. आगीतून वाचलेल्या वरच्या गावातील, ‘आनो पोली’तील, अरुंद गल्ल्या आणि लाकडी सज्जांची घरे पाहिली म्हणजे जळून गेलेले शहर कसे असेल याची कल्पना येते.

दुसरा घाव कराराचा. १९२३ च्या जानेवारीत लोझान येथे ग्रीस व तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे भाषेवरून नव्हे, धर्मावरून ठरविण्यात आले. ग्रीसमधील साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. तिकडून ग्रीसमध्ये आलेल्या ख्रिस्ती लोकांची संख्या १२ लाखांच्या घरात होती. तुर्कीखेरीज भाषा न येणारे ख्रिस्ती आणि ग्रीक बोलणारे मुसलमान, दोघांनाही अनोळखी देश आपला मानावा लागला. थेस्सलोनिकीचे मुसलमान पाच शतकांचे घर सोडून गेले, आणि त्यांच्या जागी आशिया मायनरचे निर्वासित आले. या निर्वासितांनी शहराच्या कडेला ज्या वस्त्या उभारल्या त्यांना त्यांनी ‘मेनेमेनी’, ‘नेआ मॅग्निसिया’ अशी सुटलेल्या गावांची नावे दिली. चार शतकांपूर्वी स्पेनच्या ज्यूंनी जे केले तेच हे. १९०२ मध्ये बांधलेल्या येनी जामी या मशिदीत आधी निर्वासितांनी आसरा घेतला, आणि नंतर १९६२ पर्यंत तेथे पुराणवस्तूंचे संग्रहालय होते. २०२४ साली ईदच्या दिवशी तेथे नमाज पढण्यास परवानगी मिळाली, तेव्हा मधे शंभर वर्षे लोटली होती.

तिसरा घाव सर्वांत भयंकर. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य शहरात शिरले. त्या वेळी येथे सुमारे ५० हजार ज्यू होते. ११ जुलै १९४२ या शनिवारी ९,००० ज्यू पुरुषांना ‘स्वातंत्र्य चौकात’ उन्हात तासन्‌तास उभे करून त्यांचे हाल करण्यात आले. १५ मार्च १९४३ रोजी पहिली आगगाडी ऑश्विट्झकडे निघाली, आणि ऑगस्टपर्यंत ४५ हजारांहून अधिक लोक गुरांच्या डब्यांतून नेण्यात आले. बहुतेकांना तेथे पोहोचताच विषारी वायूने मारण्यात आले. ज्या समाजाच्या सणासाठी बंदर थांबत असे, तो समाज पाच महिन्यांत नाहीसा झाला.

माणसांच्या आधी त्यांच्या कबरी गेल्या होत्या. शहराच्या पूर्वेकडील तटाबाहेर ज्यूंचे अतिविशाल कबरस्तान होते. शहरातील अधिकाऱ्यांना ती जागा पूर्वीपासून हवी होती. १९४२ च्या डिसेंबरात जर्मन सत्तेच्या संमतीने ते उखडण्यात आले. शतकानुशतकांचे हिब्रू अक्षरांचे दगड भिंतींना, पायऱ्यांना, फरशांना वापरले गेले. त्या जागेवर आज ॲरिस्टॉटल विद्यापीठ उभे आहे. हजारो विद्यार्थी तेथे रोज वर्गांना जातात. खाली काय होते याची खूण तेथे कित्येक दशके नव्हती. विद्यापीठाच्या आवारात स्मारक उभे राहिले ते २०१४ साली.

येथे आणखी एका कबरस्तानाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याचा भारताशी संबंध आहे. पहिल्या महायुद्धात दोस्त सैन्याने १९१५ पासून सालोनिकाची आघाडी उघडली होती. खेचरांवरून डोंगरात दारूगोळा व रसद पोहोचविण्याच्या कामी हिंदी सैन्याच्या तुकड्या तेथे होत्या. त्यांतील मृतांसाठी मोनास्तिर रस्त्यावर १९१६ ते १९२० च्या दरम्यान हिंदी कबरस्तान झाले. कित्येकांचे पुरण झाले, आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी स्मारक उभारले गेले. राष्ट्रकुलाचा युद्धसमाधी आयोग त्याची निगा राखतो. चार वर्षांसाठी आलेल्या परक्या सैनिकांच्या कबरी जपल्या गेल्या, आणि चार शतके येथे राहिलेल्या समाजाच्या कबरींचे दगड वाटेत पसरले. या दोहोंतला फरक सांगावयाचा तर एवढाच, की एकांच्या मागे त्यांची नोंद ठेवणारे कोणी तरी होते. दुसऱ्यांची नोंद ठेवणारेच नाहीसे करण्यात आले.

या शहराची आणखी एक परीक्षा अलीकडच्या काळात झाली. २० जून १९७८ च्या भूकंपात जुन्या चर्चांना आणि रोटोंडाला मोठी इजा पोहोचली. रोटोंडाची डागडुजी कित्येक वर्षे चालली. १९८८ साली युनेस्कोने येथील १५ प्राचीन ख्रिस्ती व बायझंटाईन स्मारके जागतिक वारशाच्या यादीत घेतली. २००६ मध्ये भुयारी रेल्वेचे खोदकाम सुरू झाले, तेव्हा एग्नातिया रस्त्याच्या खाली संगमरवरी फरसबंदीचा जुना रस्ता आणि दुतर्फा दुकाने सापडली. काढावे की जागच्या जागी ठेवावे, यावरून वर्षानुवर्षे वाद झाला. अखेरीस दगड क्रमांक घालून हलविले आणि स्थानक झाल्यावर पुन्हा मांडले. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी रेल्वे सुरू झाली. व्हेनिझेलू स्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला आता तो जुना रस्ता दिसतो.

या सर्व कथेतून एक गोष्ट ध्यानात येते. थेस्सलोनिकीत जे टिकले ते बहुधा पुढच्यांना उपयोगी पडले म्हणून टिकले. देवालयाचे चर्च झाले, चर्चची मशीद झाली, मशिदीचे चित्रपटगृह झाले. जुनी भिंत अशा प्रकारे प्रत्येकाच्या कामी आली. जे कोणाच्याही कामी येण्यासारखे नव्हते, म्हणजे मेलेल्यांची नुसती नावे, ते दगड म्हणून वापरले गेले. दगड उपयोगाने टिकतो. नाव मात्र कोणी तरी मुद्दाम जपल्यावाचून टिकत नाही.

थेस्सलोनिकीला जाणाऱ्याने कामारा पाहावी, रोटोंडा पाहावा, पांढऱ्या बुरुजावरून सूर्यास्त पाहावा आणि एक दिवस व्हेर्गिनासाठी राखून ठेवावा. शेवटी थोडा वेळ विद्यापीठाच्या आवारात जाऊन उभे राहावे. तेथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. एक लहानसे स्मारक, गवत, आणि वर्गांकडे घाईने निघालेली मुले. त्या गवताखाली जे थेस्सलोनिकीकर होते, त्यांनाही या शहरात मोजले पाहिजे.